लाल ठिपक्याचा अळू

मामीला मी आवडत नव्हते आणि मला मामी आवडत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी गोड शेवटाची वाट बघत बसणार नाही. माझ्या मुलांना हे सांगितलं की ती म्हणतात, "आई, दॅट इज सो हार्श." असेल. पण एकाच छपराखाली राहून एकमेकींचं तोंड दिसू नये म्हणून जिन्यावरच्या पावलांचे आवाज ओळखायला शिकलेल्या दोघींना काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही. मामीचं पाऊल टाचेवर पडायचं. ते स्वयंपाकघराकडे वळलं की मी माझ्या खोलीत जायची, आणि खोल्यांकडे यायला लागलं की मी बाथरूममध्ये शिरून नळ सोडायची. पाण्याचं बिल जास्त का येतं, हे मामाला वर्षभर कळलं नाही.

माझा जन्म अमेरिकेतला. आई-बाबा तेव्हा इथे नोकरीला होते. मी दीड वर्षाची असताना ते कंटाळून नागपूरला परत गेले आणि या देशातलं माझ्या वाट्याला आलं ते फक्त एक निळा पासपोर्ट. तो आईच्या साड्यांखाली कपाटात पडून होता. मी दहावी झाले आणि बाबांना तो आठवला. आईनं व्हर्जिनियात, हर्नडनला राहणाऱ्या आपल्या भावाला फोन केला, "मिनूला तुझ्याकडे ठेवून घे, तिथंच शिकेल," आणि मामा म्हणाला, "अगं, त्यात विचारायचं काय?" विचारायचं होतं ते मामीला, आणि तिला कुणीच विचारलं नाही. तिला कळलं तेव्हा माझं तिकीट काढून झालं होतं. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं," असं ती मी आल्याच्या दुसऱ्या दिवशी फोनवर आपल्या बहिणीला म्हणाली, मी शेजारच्या खोलीत आहे हे पक्कं माहीत असून. माझ्यामुळे तिच्या दहा वर्षांच्या रियाला स्वतःची खोली सोडून कंप्युटरच्या खोलीत गादी टाकावी लागली होती. आज मला त्यातलं तिचं म्हणणं समजतं. तेव्हा एवढंच समजलं की ते घोडं मी आहे. आणि मागे फिरायलाही वाट नव्हती. बाबांनी पेढे वाटून गल्लीभर डंका पिटला होता आणि माझी खोली क्लासला येणाऱ्या दोन मुलींना भाड्यानं देऊन टाकली होती. परत गेले असते तर तोंड दाखवायला जागा नव्हती आणि झोपायलाही नव्हती.

मामी मूळची चिपळूणकडची, आम्ही नागपूरचे. तिच्या आमटीत गूळ, उसळीत गूळ आणि सगळ्यावर फ्रीजरमधून काढलेला नारळ. पहिल्या आठवड्यात मी वरणावर लाल तिखट भुरभुरून घेतलं, तर ती म्हणाली, "जाळ खायची सवय आहे वाटतं तुमच्यात." 'तुमच्यात' हा तिचा आवडता शब्द होता. मामा आमचाच, नागपूरचाच, पण वीस वर्षं गूळ खाऊन त्याची जीभ आणि कणा दोन्ही मऊ पडले होते. आम्हा दोघींचं वाजलं की तो गॅरेजमध्ये जाऊन गाडीत काहीतरी शोधायचा. त्या गाडीत शोधण्यासारखं काही नव्हतं.

घरामागे मामीचे वाफे होते. आपल्याकडे वाफा म्हटला की जमिनीतला, पण इथली माती लाल आणि चिकट. पाऊस पडला की तिचा पाट्यावर वाटल्यासारखा लगदा होतो आणि ऊन पडलं की वीट. म्हणून मामीनं लाकडाच्या फळ्यांच्या सहा मोठ्या चौकटी करून घेतल्या होत्या, गुडघ्याएवढ्या उंच, आणि त्यांत विकतची काळी माती भरली होती. त्या चौकटींत ती मेथी, मुळा, पालक, भेंडी, दोडका सगळं काढायची. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती आणि वाफ्यांशीही तसंच वागायची. रोज सकाळी मातीत थर्मामीटर खुपसून आकडा भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर, त्या दिवसाच्या चौकोनात, पेन्सिलीनं लिहायची. एकादशी, अंगारकी आणि मातीचा ताप, सगळं एका ठिकाणी.

सहावा वाफा अळूचा. हर्नडनच्या मराठी लोकांत मामीची जी काही इज्जत होती ती या वाफ्यावर उभी होती. लग्न होऊन अमेरिकेत आल्यावर आयसेलिनला साड्यांच्या दुकानात भेटलेल्या एका आजींनी तिला घरी नेऊन एक कंद दिला होता. वडीचा अळू, पान सुपाएवढं, आणि देठ जिथे पानाला चिकटतो तिथे वरच्या बाजूला कुंकवाच्या बोटाएवढा लाल ठिपका. घशाला अजिबात न खाजणारा. त्या आजी कधीच गेल्या. थंडीत इथे जमीन गोठते, अळू मरतो, म्हणून मामी दर ऑक्टोबरमध्ये कंद उपटून बेसमेंटमध्ये वाळूच्या खोक्यात ठेवायची आणि मे महिन्यात पुन्हा लावायची. असं अठरा वर्षं. गणपतीत मंडळात तिच्या वड्यांचं ताट आलं की लोक आरती संपायची वाट बघायचे. पण कंद मागितला की मामीचं उत्तर ठरलेलं असे, "यंदा कमी आहेत गं." दरवर्षी कमीच असायचे.

सगळ्यात जास्त वेळा मागितला होता सुलभाकाकूंनी. त्या दोन गल्ल्या सोडून राहायच्या. मामीचं म्हणणं, सहा वर्षांपूर्वी गणपतीच्या जेवणाला आल्या असताना सुलभाकाकू "जरा बाग बघून येते" म्हणून मागे गेल्या आणि दुसऱ्या दिवशी वाफ्याच्या कडेचं एक रोप मुळासकट गायब होतं. मामा म्हणायचा, "रकून असेल गं, रात्री बागा उकरत हिंडतात ते." "रकूनला पर्स असते का?" मामी विचारायची. तेव्हापासून दोघी कार्यक्रमात एकमेकींना हळदीकुंकू लावायच्या आणि बोलायच्या नाहीत. मला वाटायचं मामीला वेड लागलंय. अळूसाठी कुणी चोरी करतं का?

आणि याच सुलभाकाकूंकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तोंड उघडलं. त्यांनी प्रेमानं पाठीवरून हात फिरवत विचारलं, "रोडावलीस गं. मामी नीट जेवायला घालते ना?" आणि मी डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "मोजून पोळ्या देतात मला." शब्दशः खरं होतं ते. मी पहिल्याच दिवशी "मी तीन खाते" म्हणाले होते आणि मामी रोज तीन वाढायची. चौथी मी कधी मागितली नव्हती. पण ज्या सुरात सांगितलं तो सूर खोटा होता आणि मला ते सांगतानाच माहीत होतं. सुलभाकाकूंच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्या दिवशी तर वाटीभर तीळ हातात होते. आठवड्याच्या आत सगळ्या मंडळाला कळलं की अमुकतमुक बाई भाचीला उपाशी ठेवते.

मामी मला एक शब्द बोलली नाही. एक दिवस शाळेतून आले तर फ्रिजवर चुंबकाखाली कागद लावलेला होता. माझ्या नावाचं विमानाचं तिकीट, ऑगस्टच्या मध्याचं, नागपूरपर्यंतचं. "शाळेचं वर्ष पुरं कर," ती भाकरीच्या पिठाचे हात धूत म्हणाली, "अर्धवट पाठवलं असं कुणी म्हणायला नको." दूध काढायला फ्रिज उघडायचा तर आधी ते तिकीट बघायला लागायचं. दिवसातून पाच-सहा वेळा मी ते बघायची.

त्या वर्षी वसंत ऋतू आलाच नाही. मार्चच्या सुरुवातीला पाऊस लागला तो थांबेना, आणि आपल्यासारखा गडगडून पडून मोकळा होणारा नव्हे. दिवसभर रडणाऱ्या पोरासारखी त्याची पिरपिर चालायची. बेसमेंटमध्ये पाणी उपसणारा पंप होता. दर दहा मिनिटांनी तो खडखड करून चालू व्हायचा आणि घरभर ऐकू यायचा. मामीनं वाफ्यांवर तारेच्या कमानी करून प्लास्टिक ताणलं होतं, त्याच्या खोळीत पाणी साचून ते लोंबायचं, आणि ते झाडूनं खालून ढोसून पाडणं हे माझं काम. पाणी नेमकं बाहीत शिरायचं. मेथी उगवली आणि पिवळी पडली. मुळ्यानं दोन पानं काढली आणि तिथेच अडून बसला. पालकाला गोगलगायी लागल्या, शंखाविनाच्या, बोटाएवढ्या, बुळबुळीत. शाळेच्या बसआधी वीस मिनिटं त्या चिमट्यानं वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मी मोठ्यानं म्हणायची, "नागपूरला आमच्याकडे कुणी भाज्यांचे एवढे लाड करत नाही." मामी खिडकीतून म्हणायची, "म्हणून तर भाज्यांची अशी कळा असते तिकडे." कॅलेंडरवरचा आकडा पंचेचाळीस फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या सात अंशांच्या, वर सरकत नव्हता. मामी तो लिहून झाला की पेन्सिल आपटायची.

एप्रिलच्या तोंडावर मामीच्या प्लेनोच्या बहिणीला दिवस भरण्याआधीच दवाखान्यात ठेवलं आणि मामी रियाला घेऊन बारा दिवसांसाठी टेक्ससला गेली. जाताना तिनं कामांची यादी स्वयंपाकघरात चिकटवली. प्लास्टिक रोज उघडणे. गोगलगायी. टोमॅटोची रोपं खिडकीत फिरवणे. आणि शेवटी, खाली दोन रेघा मारून: 'अळूचे कंद. मे उजाडेपर्यंत हात लावू नये.'

ती गेली आणि पाऊस थांबला. तीन दिवस असं ऊन पडलं की शाळेत पोरं अर्ध्या चड्ड्या घालून आली. तिसऱ्या दिवशी पाडवा होता. मामानं दाराशी एक काठी, तिच्यावर मामीचा ब्लाऊजपीस आणि स्टीलचा पेला अशी गुढी कशीबशी उभी केली, डब्यातलं श्रीखंड काढलं, आणि मला म्हणाला, "आज नवीन काहीतरी सुरू कर मिनू. साडेतीन मुहूर्तांतला दिवस आहे." त्याच्या मनात माझा गणिताचा अभ्यास होता. मी बेसमेंटमध्ये गेले. वाळूतून एकोणीस कंद वर आलेले, प्रत्येकाला बोटाच्या पेराएवढा गुलाबी कोंब. ते मला हाका मारताहेत असं वाटलं.

मी काय विचार केला ते प्रामाणिकपणे लिहिते, कारण त्यात दोन गोष्टी होत्या आणि मी आयुष्यभर त्यांतली एकच सांगत आले. पहिली अशी, की मामी परत येईल तेव्हा वाफ्यात एकोणीस पानं उभी असतील, ती बघेल, काही बोलणार नाही, पण फ्रिजवरून तो कागद काढेल. दुसरी अशी, की तिचा तो थर्मामीटर, ती पेन्सिल, ते 'तुमच्यात', सगळं एका फटक्यात खोटं पडेल. अळूला काय लागतं हे का मला माहीत नव्हतं? आमच्या नागपूरच्या घरामागे न्हाणीचं पाणी जिथे सुटायचं तिथे अळू माजलेला असायचा. आम्ही त्याला धोपा म्हणतो. कुणी लावला नव्हता, कुणी बघत नव्हतं. साबणाचं पाणी, चिखल आणि दुर्लक्ष, यावर तो माणसाच्या कमरेएवढा व्हायचा. पाणी जितकं जास्त तितका अळू खूश, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आणि इथे तर महिनाभर पाण्यानं भिजलेला वाफा तयार होता. मी एकोणीसच्या एकोणीस कंद लावले, वर आणखी दोन बादल्या पाणी घातलं, आणि हात धुऊन श्रीखंड खाल्लं.

नागपूरच्या चिखलाला उन्हाचा ताप असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी परत पाऊस लागला, बर्फाच्या पाण्यासारखा, आणि सलग आठवडाभर पडला. मी प्लास्टिक ओढलं, कडांवर विटा ठेवल्या, मामाचं जुनं ब्लँकेट घातलं. एकही पान वर येईना. मामी यायच्या आदल्या दिवशी शाळेतून आल्यावर मी हातानं माती उकरली. पहिला कंद बोटांत धरला तर सालीतून पिठल्यासारखा बाहेर आला. तो वास अजून माझ्या नाकात आहे, बंद डब्यात विसरलेल्या बटाट्याचा. एकेक करून मी सगळे काढले. वाफ्याच्या फळीवर बसून मोजले, दोनदा. एकोणीस. अठरा वर्षं एका बाईनं जपलेली गोष्ट मी बारा दिवसांत संपवली होती, आणि मला रडू आलं ते तिच्यासाठी नव्हे. मला फ्रिजवरचा तो कागद दिसत होता.

पुढचं सगळं मी इतक्या थंड डोक्यानं केलं की आज स्वतःची भीती वाटते. ते लगदे पिशवीत भरून शाळेच्या कचऱ्यात टाकले. सायकलवरून इंडियन ग्रोसरीत गेले. तिथे टोपलीत अळकुड्या होत्या, उत्तरेकडचे लोक त्यांची भाजी करतात. त्याही अळूच्याच जातीतल्या. त्यांतून मी एकसारख्या, जरा कोंब धरलेल्या एकोणीस निवडल्या, वाळूत पुरल्या, वर वर्तमानपत्र घातलं, आणि वाफ्याची माती सारखी केली. दुसऱ्या दिवशी मामी आली. बॅग ठेवून पहिल्यांदा बेसमेंटमध्ये उतरली. मी जिन्याच्या वर उभी राहून ऐकत होते. वर्तमानपत्र सरकल्याचा आवाज आला.  पंप एकदा चालू होऊन बंद झाला. मग मामीचं पाऊल, टाचेवर, वर आलं. "कंद बारीक झालेत यंदा," ती म्हणाली आणि चहा ठेवला.

मेमध्ये तिनं ते लावले. जूनमध्ये उगवले. हिरवीगार, तरतरीत पानं, आणि ठिपका नाही. एकाही पानावर नाही. मी रोज सकाळी आधी वाफ्याशी जाऊन पानं बघायची, जणू रात्रीत कुणीतरी येऊन कुंकू लावून जाणार होतं. मामी पाणी घालताना हमखास मला हाक मारायची, मिनू नव्हे, पूर्ण नावानं. "मृणाल, बघ गं. छान आलाय ना अळू?" मी म्हणायची, "हो." ती म्हणायची, "तुझी मेहनत आहे यात." थंडीमुळे ठिपका उमटला नसेल, असं मी एकदा घाबरत बोलून गेले. "असेल," मामी म्हणाली, "थंडीत पुष्कळ गोष्टींचे रंग उडतात." रियाला काही माहीत नव्हतं, पण तिला वास आला असावा. "यू गाइज आर बीइंग सो वीअर्ड," ती एकदा पोळीचा रोल खात म्हणाली आणि टीव्हीकडे गेली. सगळा जून आणि अर्धा जुलै मी नीट जेवले नाही. तेव्हा मात्र मामी मोजत नव्हती. ताटात चार पोळ्या असायच्या.

तिकिटाला तीन आठवडे उरले असतील. रविवारची दुपार. मामा रियाला पोहायला घेऊन गेला होता. मी खाली आले तर तळणाचा वास. मामीनं वाफ्यातली पानं आणून वड्या केल्या होत्या. टेबलावर दोन ताटल्या. माझ्यात सहा, तिच्यात एक. "बस," ती म्हणाली. मी बसले. "खा."

पहिल्या वडीला काही वाटलं नाही. बेसन, तीळ, गूळ. दुसरी अर्धी झाली आणि घशात सुया टोचायला लागल्या, मग जिभेच्या मुळाशी, मग कानांच्या आत. अळूला चिंच लागते ती खाज मारायला, आणि मामीच्या हातून आयुष्यात कधी चिंच विसरली नसेल. तिनं घातलीच नव्हती. मी पाण्याकडे हात नेला तर ग्लास नव्हता. मामीनं आपली एक वडी उचलली, सगळी चावून खाल्ली, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी हलवली नाही. "पाहुण्याला एकटं जेवायला लावत नाहीत आमच्यात," ती म्हणाली. आवाज घोगरा झाला होता. "खाई त्याला खवखवे. सांग आता."

मी सांगितलं. पाडवा, ऊन, कंद, नागपूरची न्हाणी, पाऊस, अळकुड्या, शाळेचा कचरा. घसा जळत असताना खोटं बोलता येत नाही. सुचतच नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "खोक्यात हात घातला तेव्हाच मला कळलं. मी कंदांना राख चोळून ठेवते. हे धुतलेले होते, दुकानातल्यासारखे."

"मग तुम्ही लावले कशाला?"

"तू कधी सांगतेस ते बघायचं होतं. साडेतीन महिने बघतेय मी." तिनं माझी ताटली ओढून घेतली आणि उरलेल्या वड्या कचऱ्यात टाकल्या. "का केलंस? मला खाली बघायला लावायला?"

"हो," मी म्हणाले. आणि मग, कारण आता काही लपवून उपयोग नव्हता, "आणि तुम्ही आल्यावर पानं दिसावीत म्हणून. म्हणजे मला ठेवून घ्याल."

मामीनं सिंककडे तोंड केलं. नळ चालू, हात कोरडे. मला वाटलं रडतेय. वळली तेव्हा तिचे डोळे नेहमीसारखेच होते. मामी आज हयात नाही, असती तर हे छापायची माझी छाती झाली नसती. पण त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर माया होती असं लिहायला सांगितलं तर मी लिहिणार नाही. नव्हती. "चपला घाल," ती म्हणाली. "सुलभाकडे जायचंय."

गाडीत तिनं मला दोन वाक्यं पढवली. कोणतं आधी, कोणतं नंतर, तेही. सुलभाकाकूंच्या दारापुढे गाडी उभी केली, इंजिन चालू ठेवलं, आणि समोर रस्त्याकडे बघत बसली. मी एकटी बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, "अगंबाई, ये ये," म्हणाल्या, आणि त्यांची नजर माझ्या खांद्यावरून गाडीकडे गेली.

"काकू, मी संक्रांतीला तुमच्याशी खोटं बोलले," मी म्हणाले. घसा अजून पेटलेला होता. "मामी मला पोटभर जेवायला घालते. मी तीन पोळ्या सांगितल्या म्हणून ती तीन वाढायची. हे तुम्ही ज्यांना ज्यांना सांगितलंत त्यांना हेही सांगा."  मी लगेच दुसरं म्हटलं, कारण थांबले असते तर पळून गेले असते. "आणि लाल ठिपक्याचा अळू द्या. आमचा गेला. माझ्यामुळे गेला."

"कुठला अळू?" काकू म्हणाल्या. पण त्यांचा हात पदर नसलेल्या कुडत्यावर पदर शोधायला गेला होता.  गाडीचं इंजिन घुरघुरत होतं. शेवटी त्या वळल्या आणि मला घरातून मागे घेऊन गेल्या. तिथे गॅरेजच्या आडोशाला, रस्त्यावरून दिसू नये अशा ठिकाणी, निळ्या प्लास्टिकच्या तीन टबांत अळू होता. पान सुपाएवढं, मधोमध कुंकवाचं बोट. म्हणजे मामीला वेड लागलेलं नव्हतं. सहा वर्षं ती खरं बोलत होती आणि घरातल्या एकानंही तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

काकूंनी खुरप्यानं चार पिल्लं सोडवली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली, बादलीत ठेवली. "तिला सांग," त्या खाली बघत म्हणाल्या, "मी चारदा मागितला होता. नीट. तोंडानं. चारदा नाही म्हणाली."

मी गाडीत बसून, बादली पायांत धरून, तो निरोप जसाच्या तसा सांगितला. मामीनं हात लांब करून एक पान वर ओढलं, ठिपक्यावरून अंगठा फिरवला, आणि सोडून दिलं. काकू अजून दारात उभ्या होत्या. मामीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. गियर टाकला. दुसरी गल्ली ओलांडली. मग म्हणाली, "मागितला होता खरा."

सिग्नलला गाडी थांबली. माझ्या मनात तीन आठवडे, फ्रिज, कागद, नागपूरच्या खोलीतल्या त्या दोन मुली, एवढंच फिरत होतं. मामीनं आरशात बघितलं, घसा खाकरला, आणि लॅबमधल्या शिकाऊ पोरीला सांगावं तशा कोरड्या आवाजात बोलायला लागली. "आज त्या अळकुड्या उपटून टाकायच्या. हे लावायचे, कडेला नाही, मधे. ऑक्टोबरात पहिल्या थंडीच्या आत कंद काढायचे, राख चोळायची, वाळूत ठेवायचे. सगळं तू करायचंस, मी बघणारसुद्धा नाही." सिग्नल हिरवा झाला. "आणि मे उजाडायच्या आत परत हात लावलास, मृणाल, तर हात मोडून ठेवीन."

ऑक्टोबर. मे. मी बादली दोन्ही हातांनी घट्ट धरली. मला ठेवून घेतलं आहे, हे मला असं सांगण्यात आलं.